धावेचं माप

तव्यावर पाण्याचा थेंब चर्रकन नाचला आणि सकाळपासून मुकं बसलेलं घर जागं झालं.

"तवा लई तापलाय, पोरी," बाहेरून कोंडीआबांचा आवाज आला. "भाकर करपंल. एक लाकूड मागं वढ."

कलानं लाकूड मागं ओढलं आणि ती स्वतःशीच हसली. सासरे बाहेर भट्टीपाशी बसले होते. मधे सबंध भिंत. तवा त्यांना दिसायचा प्रश्नच नव्हता. पण थेंब किती वेळ नाचला यावरून लोखंड किती तापलंय ते त्यांना कळायचं. दोन दिवसांत ते तिच्याशी बोललेले हे पहिलंच वाक्य. तिला बरं वाटलं. माणूस रुसला होता, पण कान जागेवर होते.

रुसले होते ते कारभारीवर. कारभारी शेजारचाच, नागापूरच्या नव्या वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होता. परवा संध्याकाळी तो सायकल टेकवून म्हणाला, "आबा, आमच्यातला भट्टीवरचा म्हातारा रिटायर झाला. फोरमनसाहेब लोहार शोधत्यात. परीक्षा घेऊन घेणार हायेत. येता का?"

"परीक्षा? माझी?" आबांनी चिलीम खाली ठेवली. "तुझ्या बापाच्या गाडीला धाव कुणी बसवली, कारभारी?"

"तुमीच."

"कधी निसटली?"

"गाडी मोडली, पन धाव न्हाई निसटली."

"मग?"

"मग काय, आबा," कारभारी सायकलवर बसत म्हणाला. "त्या गाडीवर आता आमच्या कोंबड्या बसत्यात. मी सायकलनं जातो."

तो गेला, आणि आबांचं बोलणंही त्याच्या मागोमाग गेलं.

खोटं काही बोलला नव्हता तो. लाकडी चाकाभोवती लोखंडाची पट्टी चढवायची, तिला धाव म्हणतात, आणि धाव बसवावी तर निंबळकच्या कोंडीआबांनीच, असं वडगावपासून देहऱ्यापर्यंत लोक म्हणत. मग दुष्काळ आला. दावणीची बैलं गेली. त्या दोन वर्षांत सरकारी कामावरच्या टिकावांना टोकं काढून देऊन आबांनी घर चालवलं. पुढं पाऊस झाला, लोकांनी पुन्हा बैलं बांधली, पण नव्या गाड्या आल्या त्या रबरी टायरच्या. टायरला धाव लागत नाही. दिवाळी होऊन गेली होती आणि भाता आठवड्यातून एखाद्या दिवशी हलला तर हलला.

जालिंदर, कलाचा नवरा, हे आधीच ओळखून होता. त्याला लहानपणापासून भट्टीचा धूर सोसला नाही. साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर तो लागला, आणि उसाचा हंगाम सुरू झाला की महिना महिना तिकडंच. तो गेला तेव्हा त्याच्या हातातला घण रिकामा राहिला. तो कुणीतरी उचलायला हवा होता. कलानं उचलला.

तेव्हा ती अठरा वर्षांची. पहिल्या दिवशी घण डोक्याच्या वर गेलाच नाही. सासूबाई तेव्हा होत्या, त्या म्हणाल्या, "हातानं उचलू नगं, कमरंनं उचल. मीबी तशीच शिकले." वर्षभरानं तिला ते जमलं. बनु झाली तेव्हा झोळी भट्टीपासून दहा पावलांवर टांगलेली असायची. घणाच्या ठोक्यात पोर गाढ झोपायची, आणि ठोका थांबला की डोळे उघडायची. आता बनु साडेचार वर्षांची होती आणि दिवसभर प्रश्न विचारत फिरायची.

भाकरी फडक्यात बांधून झाली तसे आबा दारात आले. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला टोपी.

"दोन भाकरी जास्तीच्या घे," ते म्हणाले. "आपल्याला नागापूरला जायचंय."

"आपल्याला?"

"कागद दिला तर वाचणार कोन? सातवी कुणी केली, तू का मी?"

कलानं पदर डोक्यावर ओढला. तिला विचारायचं होतं, राग गेला का? पण सासऱ्याला असं विचारत नाहीत. तिनं बनुला काखेत घेतलं आणि ती निघाली.

*

तासाभराची वाट. फाटकाशी कारभारी खाकी कपड्यात उभा होता. आबांना बघून त्याचा चेहरा खुलला, पण तोंडानं म्हणाला, "आलात व्हय? मला वाटलं बैलगाडीनं येताल."

"टायर पंक्चर झाला," आबा म्हणाले.

फोरमन आप्पासाहेब बाहेर आले. चाळिशीचा माणूस, बाह्या वर सारलेल्या, कानावर पेन्सिल. त्यांनी आबांचे हात बघितले. नाव, गाव विचारायच्या आधी हात बघितले, हे कलाला आवडलं. मग त्यांनी एक कागद पुढं केला. त्यावर एक वर्तुळ काढलेलं, मधे दुसरं, आणि बाणांपाशी आकडे.

"असं कडं करायचं. मधला हा दांडा, त्यावर घालायला. दुपारपर्यंत वेळ आहे."

आबांनी कागद कलाकडं दिला. तिनं वाचलं. "दांडा शंभर मिलिमीटर, मामंजी. कडं आतून एकशेदोन."

"मिलिमीटर म्हंजी?"

"शाळेत पट्टीवर बारीक रेघा असत्यात, त्यातली एक."

"रेघा माझ्या काय कामाच्या?" आबा हसले. "दांडा दावा, साहेब. मी सुतळीनं माप घेतो."

कागद तिच्या हातातच राहिला. शंभर आणि एकशेदोन. कडं दांड्यापेक्षा मोठं. तिच्या मनात आलं, हे पुन्हा एकदा सांगावं. पण आबा तोवर आत गेले होते, आणि लोखंडाच्या कड्याविषयी कोंडीआबांना तिनं काय सांगायचं? ज्यांनी सात वर्षांचे असताना भाता ओढला, बाराव्या वर्षी घण धरला, विशीत नांगराचे फाळ केले आणि तिशीत धाव. तिनं कागदाची घडी घातली.

बाईमाणसाला आत जायची परवानगी नव्हती. पण भट्टीची शेड फाटकाला लागूनच होती, तिन्ही बाजूंनी उघडी. कला भिंतीच्या सावलीला बसली. तिला सगळं दिसत होतं, आणि त्याहून जास्त ऐकू येत होतं.

घण मारायला भीमा नावाचा गडी दिला होता. उंच, दंडात ताकद, आणि ताकदीचा अभिमान. आबा लहान हातोडीनं लोखंडावर टिचकी मारत, म्हणजे घण इथं पडायला हवा. भीमा मारायचा, पण हातोडीच्या आधी, नाहीतर भलत्याच जागी. लोहाराच्या घरातलं लेकरूसुद्धा ओळखेल असा बेसूर.

"आई, त्यो चुकतोय," बनु म्हणाली.

"गप. भाकरी खा."

पण आबांनी तशातही काम ओढून नेलं. पट्टी वळली, तोंडाला तोंड जोडलं, कडं गोल झालं. दांड्यावर ते बसेना. आबांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी कडं पुन्हा भट्टीत घातलं, लालबुंद केलं, सांडशीनं उचलून दांड्यावर चढवलं आणि वरून पाण्याची बादली ओतली. वाफेचा लोट उठला. वाफ विरली तेव्हा कडं दांड्याला असं आवळून बसलं होतं की दोन्ही एकच वस्तू वाटावी.

आबांनी कपाळ पुसलं. आप्पासाहेबांना हाक गेली. ते आले, त्यांनी कड्याला हात घातला, पिरगाळून बघितलं.

"हत्ती लावा," आबा म्हणाले. "तरी निघायचं न्हाई."

"ते दिसतंय," आप्पासाहेब म्हणाले. "पण हे फिरत नाही."

"फिरंल कसं? फिरू नये म्हनूनच बसवलंय."

"आबा, हे फिरायला पाहिजे. दांडा स्थिर, आणि कडं त्याच्याभोवती मोकळं फिरणार. मशीनचा भाग आहे हा. गाडीचं चाक नाही."

शेडमधे कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. भीमा तर घणावर रेलून हसला. फाटकाशी कलानं खाली मान घातली आणि बनुच्या फ्रॉकवरची माती उगाच झटकत राहिली.

धाव नेहमी चाकापेक्षा लहान करतात. तापवली की ती फुगते, चाकावर चढते, पाणी ओतलं की आकसते आणि आरे, मधला तुंबा, सगळं आवळून धरते. वीस-पंचवीस वर्षं हाताला तीच सवय. लोखंडाचं गोल काहीही दिसलं की आबांचा हात सुतळी किंचित आखूड धरायचा. विचार करायच्या आधीच.

"काम चोख आहे तुमचं," आप्पासाहेब म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले हे ऐकू येत होतं. "पण आमचं काम वेगळं. या वयात कशाला त्रास करून घेता? चहा घेऊन जा."

आबा चहा न घेता बाहेर आले. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर कलाला सोसला असता. माणूस आपल्याच हाताकडं बघत होता, जसं बाजारात हरवलेलं पोर लोकांच्या तोंडाकडं बघतं.

"चला," ते म्हणाले.

कला उठली नाही. "मामंजी, कागदावर एकशेदोन होतं. दांडा शंभर. कडं मोठंच पाहिजे होतं. मला आधीच दिसलं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला मी काय सांगायचं?"

कारभारी उगाच आकाशाकडं बघू लागला. मग आबा खाली बसले, अगदी तिच्यासमोर, उकिडवे, जसे ते भट्टीशी बसत.

"तू पहिल्यांदा घण धरलास," ते म्हणाले, "तवा माज्या हातोडीवर मारलास. आठवतं? हातोडीचा दांडा तुटला."

"आठवतं."

"मी तुला काय म्हनलो?"

"म्हनलात, पुन्हा मार."

"हां." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि ते उठले. "मग तू मला तसं म्हन."

सासऱ्याला असं म्हणणं म्हणजे काय. पण त्यांनी मागितलं होतं.

"पुन्हा करा, मामंजी," ती म्हणाली. "एक दांड्याचं माप, वर दोन रेघा."

*

आबा परत आत गेले. आप्पासाहेब पाठमोरे होते.

"साहेब, आणखी एक पट्टी द्या."

"कशाला आबा?"

"आत्ता शिकलोय, तर करून बघतो. न्हाई जमलं तर घालवा."

आप्पासाहेबांनी घड्याळ बघितलं. काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक, पण ते म्हणाले, "घ्या."

"आन दोन मिलिमीटर दाखवा मला."

आप्पासाहेबांनी खिशातून मोजायचं एक यंत्र काढलं. खेकड्यासारखे दोन जबडे. त्यांनी ते किंचित उघडले. आबांनी त्या फटीत नखाची कड घातली, काढली, पुन्हा घातली. "बाजरीचा एक दाना," ते म्हणाले. "आता कळलं. सुतळीला तीन दाने वाढवायचे आन वर वाईच."

आप्पासाहेब थबकले. "तीन का?"

"चाक एका बोटानं रुंद झालं की धाव तीन बोटांनी लांब लागती. तिनाच्या वर वाईच."

"हे कुठं शिकलात तुम्ही?"

"चाकापाशी."

आप्पासाहेबांनी कानावरची पेन्सिल काढली, खिशातल्या कागदावर हिशोब केला आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. पुढं ते तिथून हलले नाहीत.

"आन एक," आबा म्हणाले. "घणकरी माजा पाहिजे. ह्यो गडी जोरात मारतो, पन ऐकत न्हाई."

"ऐकायला तुमी बोलताय का काही?" भीमा म्हणाला.

"मी न्हाई. हातोडी बोलती."

"कुठं आहे तुमचा घणकरी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"फाटकाशी बसलाय. लेकराला भाकरी चारतोय."

आप्पासाहेबांनी फाटकाकडं बघितलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. कारभारी लगबगीनं म्हणाला, "साहेब, बाईमाणसाला आत घ्यायचा नियम न्हाई."

"नियम कामाचा आहे," आप्पासाहेब सावकाश म्हणाले. "ही परीक्षा आहे. येऊ दे."

कलानं बनुला कारभारीच्या कडेवर दिलं. पोरीनं लगेच त्याची शिट्टी धरली. कलानं पदर कमरेला खोचला आणि ती आत गेली. वीस पंचवीस पुरुष बघत होते. तिच्या पायाखाली काँक्रीट होतं, घरच्यासारखी माती नाही, आणि घण घरच्यापेक्षा शेरभर जड. तिनं तो एकदा जमिनीला टेकवला, वजन ओळखून घेतलं.

भट्टी फुलली. आबांनी पट्टी बाहेर काढली. टिक.

घण पडला. टिक. पडला. तिचे डोळे लोखंडावर नव्हतेच, कान हातोडीवर होते. टिक-टिक म्हणजे हलका. ऐरणीच्या कडेवर एक टिचकी म्हणजे थांब. ती थांबली. कुणी काही बोललं नव्हतं. पट्टी पुन्हा भट्टीत, पुन्हा बाहेर. हसणारी तोंडं कधी मिटली ते तिला कळलं नाही. तिला एवढंच कळत होतं की आबांचा हात आता सवयीनं चालत नव्हता. दरवेळी तो क्षणभर अडायचा, आपल्याच सवयीला बाजूला सारायचा आणि मग पडायचा. चोपन्न वर्षांचा तो हात नवशिक्यासारखा जपून चालला होता. तिला तो आजवर कधी इतका थोर वाटला नव्हता.

तोंड जोडायच्या वेळी लोखंड पांढरं झालं, ठिणग्या उडाल्या, एक तिच्या मनगटावर बसली. तिनं ठोका चुकवला नाही.

कडं निवायला ठेवलं. आबांनी या वेळी पाणी ओतलं नाही. सगळे उभे राहिले. कडं काळं पडेपर्यंत कुणी कामाला गेलं नाही आणि आप्पासाहेबांनी कुणाला हाकललं नाही. मग आबांनी ते उचललं, तसल्याच दुसऱ्या दांड्यावर धरलं आणि सोडलं.

ते खळकन खाली उतरलं. आप्पासाहेबांनी एका बोटानं ढकललं. कडं फिरलं, सावकाश, पुन्हा एकदा फिरलं, थांबलं.

त्यांनी यंत्र लावलं. "एकशेदोनला केसभर जास्त."

"चुकलं?" आबांनी विचारलं.

"केसभर चालतं आमच्यात." ते वळले. "वय किती, आबा?"

"चोपन्न. दुष्काळाची दोन वर्षं दुप्पट धरली तर छप्पन्न."

लोक हसले, पण हे हसणं वेगळं होतं.

"अठ्ठावन्नला रिटायर करतात इथं. चारच वर्षं मिळतील. त्यात मापं शिकायची, कागद वाचायचा. आणि पुढल्या साली विजेचा घण येणार आहे, तो चालवायचा."

"चार वर्षं लई झाली," आबा म्हणाले. "भाता नीट वढायला मला पाच लागली हुती." मग त्यांनी विचारलं, "तो विजेचा घण ऐकतो का?"

"शिकवलं तर ऐकतो."

"मग झालं."

भीमानं कलाच्या हातातला घण घेतला. "बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ते कडेवर टिचकी मारली म्हंजी थांबायचं, व्हय?"

"व्हय. आन टिक-टिक म्हंजी हलकं."

आप्पासाहेबांनी चिठ्ठी लिहून दिली. सोमवारी सकाळी सातला हजर. आबांनी ती टोपीत घातली. फाटकाशी कारभारीनं त्यांना सलाम ठोकला, शिट्टी अजून बनुच्या तोंडात होती.

"काय रे," आबा म्हणाले, "तुझ्या कोंबड्यांना सांग. गाडीवर बिनघोर बसा म्हणावं. धाव मजबूत हाय."

*

उन्हं कलली नव्हती. आबा पुढं चालले होते, कला आणि बनु मागून. त्यांच्या चालण्यात काहीतरी नवं होतं. कलानं नीट बघितलं तेव्हा कळलं, ते वाटेत दिसेल त्या गोल वस्तूपाशी थबकत होते. विहिरीवरची कप्पी, टाकलेला टायर, गवळ्याच्या सायकलचं चाक. बघायचे, मनातल्या मनात मोजायचे आणि पुढं व्हायचे.

"पोरी," मागं न बघता ते म्हणाले, "त्या रेघा मला दाखवशील ना? पट्टी आनू. सोमवारच्या आत."

"दाखवीन, मामंजी."

"माजा बाप म्हणायचा, लोहार भात्यापाशी बसतो आन एक दिवस ऐरणीपाशी जातो. मला वाटलं मी पोचलो. आज परत भात्यापाशी बसवलं." ते हसले. "वाईट न्हाई वाटलं. हातात दम हाय अजून."

कलाला वाटलं, आपल्या पोरीनं हे लक्षात ठेवावं. तिच्या आजोबांनी भर शेडमधे, हसणाऱ्या लोकांसमोर, आणखी एक पट्टी मागितली होती. बाकी काही तिला दिलं नाही तरी चालेल, हे द्यावं. मनगटावरचा चटका आता चुरचुरत होता. तो तिला दागिन्यासारखा वाटत होता.

बनु मनाशी काहीतरी जुळवत चालली होती. मग तिनं आईचा पदर ओढला.

"आई, आबा सोमवारपास्नं तिकडं जानार?"

"हो."

"आन त्यांच्यात घण भीमाकाका मारनार?"

"हो. आणि पुढल्या साली विजेचा येणार आहे."

बनुनं मान वर करून आईकडं बघितलं.

"मग तू घण कुठं मारायचा?"